आपला संसार, आपली सुरक्षा : लाल पेटीतला माईक



गेल्या महिन्यात एका भगिनीचे पत्र आमच्या हाती पडले. पत्र लहान आहे, पण त्यातला प्रश्न लहान नाही. नाव-पत्ता गाळून ते देत आहोत.

"आमची वस्ती उठली आणि आम्ही पंधराव्या मजल्यावर राहायला आलो. जिन्याजवळ छताला ताटलीसारखी पांढरी जाळी बसवली आहे. बिल्डरचा माणूस म्हणाला होता, आग लागली की ही बोलते. दोन वर्षे झाली, ती एकदाही बोललेली नाही. माझे मालक दुसऱ्या एका कचेऱ्यांच्या टॉवरवर रात्रपाळीचे वॉचमन आहेत. त्यांच्या टेबलाशेजारी लाल पेटी आहे, पेटीत माईक आहे. हात लावायचा नाही, असे त्यांना बजावले आहे. रात्री तिथे दुसरे कोणीच नसते. मग आग लागली तर बोलायचे कोणी?"

मग बोलायचे कोणी? वाचकहो, हा प्रश्न आम्हाला दोन रात्री झोपू देईना. कारण आज आपल्या समाजाची माणसे या उंच इमारतींत दोन्ही बाजूंनी अडकलेली आहेत. मोठ्या साहेबांच्या टॉवरमध्ये वॉचमन कोण? लिफ्टमन कोण? झाडलोट करणाऱ्या बाया कोण? वायर ओढणारी मुले कोण? आपलीच. आणि झोपडपट्टी पुनर्वसनाच्या पंधरा-वीस मजली इमारतींत राहायला कोण गेले? तेही आपणच. म्हणून या महिन्याचे सदर त्या छतातल्या ताटलीला आणि त्या लाल पेटीला दिले आहे.

चाळीतली हाक आणि टॉवरचे बंद दार

परळच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेबांनी आयुष्याची अनेक वर्षे काढली. तशा चाळींत ज्यांचे बालपण गेले, त्यांना ठाऊक आहे की तिथे सूचना देणारे यंत्र लागत नसे. एखाद्या खोलीत स्टोव्ह भडकला की गॅलरीतून हाक जाई. कोणी थाळी बडवी, कोणी दारे ठोठावी आणि क्षणात सारी चाळ अंगणात जमे. माणसाला माणसाचा आवाज ऐकू येत असे.

टॉवरमध्ये तसे नाही. दार लावले की शेजार संपला. साधे बंद दार सुमारे वीस डेसिबल आवाज गिळते, आग अडवणारे जाड दार त्याहून जास्त. पहिल्या मजल्यावरची किंकाळी पंधराव्या मजल्यावर कशी पोहोचणार? धूर मात्र दार ठोठावीत बसत नाही. तो जिन्यातून आणि लिफ्टच्या विहिरीतून सरळ वर चढतो. ६ ऑक्टोबर २०२३ रोजी गोरेगाव पश्चिमेच्या एका पुनर्वसन इमारतीत पहाटे आग लागली. आग खाली, वाहने ठेवण्याच्या जागेत होती. माणसे वर झोपेत होती. किमान सात जीव गेले. ती माणसे आपल्यासारखीच कष्टकरी होती.

चाळीतली ती हाक टॉवरच्या प्रत्येक मजल्यावर पोहोचवण्यासाठीच हे बोलणारे यंत्र आहे.

घंटा वाजते, पण सांगत काहीच नाही

कोणी विचारील, घंटा असताना बोलण्याची गरज काय? घंटा ऐकून तुम्ही काय करता ते स्वतःलाच विचारा. "पुन्हा बिघडली वाटते," असे म्हणून आपण भाजी चिरत राहतो. कोणाला वाटते कुणाच्या गाडीचा भोंगा आहे. कोणी दार उघडून शेजारणीला विचारते आणि शेजारीणही तेच विचारायला बाहेर आलेली असते.

हा केवळ आपलाच स्वभाव नाही. लंडनच्या किंग्ज क्रॉस या भुयारी स्थानकात १८ नोव्हेंबर १९८७ रोजी लागलेल्या आगीत ३१ माणसे दगावली. त्यानंतर इंग्लंडमधील न्यूकॅसल शहराच्या भुयारी स्थानकावर दोन संशोधकांनी मुद्दाम चाचण्या घेतल्या. एकदा नुसती घंटा वाजवली. एकदा कर्मचारी पाठवले. एकदा ध्वनिक्षेपकावरून काय झाले आहे आणि कुठून जायचे आहे ते स्पष्ट सांगितले. नुसती घंटा वाजली तेव्हा लोक जागचे हलेनात. कॅमेऱ्यातून पाहून खरी परिस्थिती आणि वाट सांगितली तेव्हा लोक लवकर आणि शांतपणे बाहेर पडले. १९९१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. खरे सांगितले तर लोक घाबरून चेंगराचेंगरी करतील, असे अधिकाऱ्यांना नेहमी वाटते. चाचणीत उलटे दिसले. माणूस खऱ्या माहितीने सावरतो आणि माहिती दडवली की गोंधळतो.

आयांसाठी आणखी एक अभ्यास सांगतो. अमेरिकेतील ओहायो राज्यात कोलंबस येथे सहा ते बारा वर्षांच्या २४ मुलांवर झोपेची चाचणी झाली. तो अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या कर्कश शिट्टीच्या यंत्राने २४ पैकी १४ मुले जागी झाली. आईच्या आवाजात मुलाचे नाव घेऊन हाक मारणारे यंत्र वाजवले तेव्हा २४ पैकी २३ मुले उठली. दहा मुले शिट्टीतही झोपून राहिली, याचा विचार करा. म्हणून घरात आगीची शिट्टी वाजली तर मूल आपणहून उठेल असे धरून बसू नये. त्याला नावाने हाक मारून हाताला धरून उठवावे.

जळत्या घराची कथा

आपल्या धम्माला हे नवे नाही. सद्धर्मपुंडरीक या महायानी ग्रंथात जळत्या घराची एक कथा आहे. मोठे जुने घर, त्याला एकच दरवाजा. घराला आग लागली आणि आत मुले खेळात दंग. बाप बाहेरून ओरडतो, आग लागली, बाहेर या. मुलांना आग म्हणजे काय हेच कळत नाही, ती खेळतच राहतात. तेव्हा बाप त्यांना समजेल असे बोलतो. तुम्हाला हवे असलेले गाडे दाराबाहेर उभे आहेत, असे सांगून तो त्यांना बाहेर आणतो.

कथेचा मोठा अर्थ भन्तेजी सांगतील. आम्ही संसारी माणसे त्यातून एक साधी गोष्ट घेऊ. ओरडणे पुरे नाही. ऐकणाऱ्याला कळेल अशा भाषेत आणि कुठे जायचे ते सांगितले पाहिजे. इमारतीत मराठी-हिंदी बोलणारी माणसे राहतात आणि यंत्रात इंग्रजी ध्वनिमुद्रण भरलेले आहे, तर ते यंत्र मुकेच म्हणायचे.

नवव्या मजल्याला कोणी सांगितलेच नाही

कामगारांच्या इतिहासातली एक आग आपल्या मुलांना माहीत असावी. न्यूयॉर्कमध्ये एका दहा मजली इमारतीच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर ट्रँगल नावाचा बायकांचे कपडे शिवणारा कारखाना होता. २५ मार्च १९११, शनिवारची संध्याकाळ, सुटीची वेळ झालेली. आठव्या मजल्यावर आग लागली. तिथून दहाव्या मजल्यावरच्या कचेरीत टेलिफोन गेला. दहाव्या मजल्यावर मालक होते. ते आणि तिथली बहुतेक माणसे गच्चीवरून निसटली. मधल्या नवव्या मजल्यावर यंत्रावर बसलेल्या मुलींना कोणी कळवलेच नाही. आग समोर आली तेव्हाच त्यांना आग कळली. जिन्याचे एक दार कुलूपबंद होते, मुलींनी माल चोरून नेऊ नये म्हणून. १४६ कामगार मेले. त्यांत बहुतेक परदेशातून पोटासाठी आलेल्या तरुण मुली होत्या.

टेलिफोन होता, बोलणारेही होते. पण आवाज मालकापर्यंत गेला, मजुरापर्यंत गेला नाही. वाचकहो, विषमता म्हणतात ती हीच. ती पाणवठ्यावर असते, तशी टेलिफोनच्या तारेतही असते.

या आगीनंतर दोनच वर्षांनी, १९१३ साली, त्याच न्यूयॉर्क शहरात कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब शिकायला गेले. त्या आगीने तिथल्या कामगार कायद्यांना वळण लावले. ती आग डोळ्यांनी पाहिलेल्या फ्रान्सिस पर्किन्स पुढे १९३३ ते १९४५ अमेरिकेच्या कामगार मंत्री होत्या. इकडे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत होते. कामगाराचा जीव ही कायद्याने राखायची वस्तू आहे, हा विचार दोन्हीकडे रुजला तो अशा मरणांतून.

हे यंत्र चालते कसे?

आता त्या छतातल्या ताटलीकडे येऊ. यंत्र समजले की त्याची भीती जाते.

छताला धूर किंवा उष्णता ओळखणारे लहान डिटेक्टर असतात. भिंतीवर काच दाबायची किंवा फोडायची लाल डबी असते. यांपैकी कशानेही खबर दिली की ती आगीच्या पॅनेलला जाते. कोणत्या मजल्यावर काय झाले ते पॅनेलवर दिसते. त्याला जोडून दुसरे पॅनेल असते, ते बोलणारे. त्यात आधी भरून ठेवलेले संदेश असतात, आवाज मोठा करणारे ॲम्प्लिफायर असतात आणि वीज गेल्यावर चालणाऱ्या बॅटऱ्या असतात. तिथून प्रत्येक मजल्याला वायर जाते आणि वायरीला स्पीकर जोडलेले असतात.

जयंतीच्या मिरवणुकीतला स्पीकर आणि हा स्पीकर यांत फरक आहे. मिरवणुकीत वायर तुटली की आवाज बंद. मंडळाचा कार्यकर्ता धावतो, जोडतो, पुन्हा सुरू. आगीत धावणार कोण? म्हणून या यंत्राची रचनाच अशी केलेली असते की एक अवयव गेला तरी वाचा जाऊ नये.

पहिली गोष्ट, यंत्र स्वतःची नाडी स्वतः तपासते. वायर तुटली, चिकटली, ॲम्प्लिफायर बिघडला किंवा माईकची दोरी निघाली, तर पॅनेलवर पिवळा दिवा लागतो आणि बारीक आवाज येतो. तो दिवा म्हणजे यंत्राची तक्रार आहे. आपल्याकडे मात्र त्या आवाजाचा त्रास होतो म्हणून बटण दाबून त्यालाच गप्प करतात.

दुसरी गोष्ट, एका मजल्यावर दोन वेगळ्या वायरी फिरवतात. एक स्पीकर पहिल्या वायरीवर, पुढचा दुसऱ्या वायरीवर, असे आलटून पालटून. एक वायर जळाली तरी एकाआड एक स्पीकर बोलत राहतो.

तिसरी गोष्ट, वायर आगीतही काही काळ तग धरणारी असते. स्पीकरच्या आत चिनी मातीचा जोड आणि उष्णतेने तुटणारा फ्यूज असतो, म्हणजे एक स्पीकर जळाला तर तो सगळ्या ओळीला घेऊन मरत नाही. छतातल्या स्पीकरच्या पाठीवर पोलादी टोपी असते.

चौथी गोष्ट, बॅटरी. ब्रिटिश मानकाप्रमाणे वीज गेल्यावर यंत्र चोवीस तास सावध राहिले पाहिजे आणि त्यानंतरही अर्धा तास मोठ्याने बोलू शकले पाहिजे.

पाचवी गोष्ट, आवाज कळला पाहिजे. नुसता मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज नव्हे. लांब बोळात एकच मोठा भोंगा लावला तर आवाज भिंतींवर आपटून शब्दांचा काला होतो. त्यापेक्षा थोड्या थोड्या अंतरावर लहान स्पीकर लावले तर शब्द सुटे ऐकू येतात. झोपलेल्या माणसाला जागे करायचे तर उशीपाशी ७५ डेसिबल आवाज हवा, असे ब्रिटिश मानक सांगते. बोळातल्या एका स्पीकरचा आवाज दोन बंद दारे ओलांडून उशीपर्यंत पोहोचतो का, हे दार लावून, खाटेवर पडून तपासल्याशिवाय कळत नाही.

सहावी गोष्ट, सगळ्यांना एकाच वेळी धावायला लावायचे नाही. जिना अरुंद असतो. म्हणून उंच इमारतीत आधी आग लागलेला मजला आणि त्याच्या लगतचे मजले रिकामे करतात. बाकीच्यांना सांगतात, तयार राहा, पुढच्या सूचनेकडे लक्ष द्या. घंटेला हा भेद करता येत नाही, वाणीला करता येतो.

आपल्याकडे राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये चौथा भाग आगीपासून बचावाचा आहे. पंधरा मीटर किंवा त्याहून उंच इमारत ही उंच इमारत धरली आहे. आगीची सूचना आणि मजल्यांशी बोलण्याची सोय यांविषयी त्यात तरतुदी आहेत. संहिता पुस्तकात आहे. ती आपल्या जिन्यात आहे का, हे पाहणे आपले काम.

सम्यक वाचा

अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा आहे. भगवान बुद्धांनी सांगितलेली चांगली वाणी ती, जी खरी असते, वेळेवर असते आणि ऐकणाऱ्याच्या हिताची असते. आगीच्या यंत्राला ही कसोटी तंतोतंत लागू पडते.

वाणी खरी नसेल तर काय होते? ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राच्या उत्तर मनोऱ्यावर विमान आदळले. दक्षिण मनोऱ्यातील लोक उतरू लागले होते. नऊच्या सुमारास तिथल्या ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आले की तुमची इमारत सुरक्षित आहे, आपापल्या जागी राहा किंवा परत जा. काही जण परत फिरले. नऊ वाजून तीन मिनिटांनी दुसरे विमान त्याच मनोऱ्यावर आदळले. बोलणाऱ्याच्या मनात पाप नव्हते. पण माहिती अपुरी असताना दिलेला धीर जीवघेणा ठरला. उत्तर मनोऱ्यात आणखी वेगळे घडले. खालून सूचना देण्याचा प्रयत्न झाला, पण धडकेने यंत्रणाच तुटली होती, वर कोणाला ऐकूच गेले नाही. त्याच इमारतीत २६ फेब्रुवारी १९९३ रोजी तळघरात स्फोट झाला, तेव्हाही वीज आणि सूचना दोन्ही बंद पडून हजारो माणसे अंधारात, धुरातून जिने उतरली होती.

वाणी वेळेवर नसेल तर काय होते? लंडनचा ग्रेनफेल टॉवर, २४ मजले, बहुतेक कष्टकरी आणि स्थलांतरित कुटुंबे. १४ जून २०१७ च्या रात्री एक वाजायला सहा मिनिटे असताना आगीचा पहिला फोन गेला. आपापल्या घरातच थांबा, असा तिथला नियम होता. आग एका घरात कोंडून राहील, हे त्यामागचे गृहीत. बाहेरच्या भिंतीला लावलेले पत्रे मात्र ज्वालाग्राही निघाले आणि आग बाहेरून वर चढली. घरातच थांबा, हा सल्ला पहाटे २ वाजून ४७ मिनिटांनी मागे घेतला गेला. साऱ्या रहिवाशांना एकाच वेळी बाहेर पडायला सांगेल असे यंत्र इमारतीत नव्हतेच. ७२ माणसे गेली. त्यानंतर इंग्लंडने १८ मीटरहून उंच नव्या निवासी इमारतींत अग्निशमन दलाला रहिवाशांना बाहेर पडण्याचा इशारा देता येईल, अशी यंत्रणा आवश्यक ठरवली. शहाणपण आले, पण ७२ चिता पेटल्यावर.

माईक कुणाच्या हाती?

आता भगिनीच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. वॉचमनने माईकला हात लावावा की नाही?

उत्तरादाखल एका पोऱ्याची हकिकत सांगतो. अमेरिकेतील केंटकी राज्यात साउथगेट येथे बेव्हर्ली हिल्स नावाचा मोठा भोजन-करमणुकीचा क्लब होता. २८ मे १९७७ च्या रात्री तिथे आग लागली. क्लबात आगीची घंटा नव्हती. एका दालनात हजाराहून जास्त लोक खेळ पाहत बसले होते, त्यांना आगीचा पत्ता नव्हता. वॉल्टर बेली नावाचा अठरा वर्षांचा मुलगा तिथे टेबलावरची उष्टी भांडी उचलण्याच्या कामावर होता. त्याला आग कळली. वरच्या माणसाला त्याने सांगून पाहिले, काही होईना. तेव्हा तो सरळ रंगमंचावर चढला, विनोदवीरांचा खेळ थांबवून त्यांचा माईक घेतला आणि बाहेर पडण्याची दारे कुठे आहेत ते हाताने दाखवीत सर्वांना निघायला सांगितले. त्या आगीत १६५ माणसे मेली. तो मुलगा बोलला नसता तर आणखी किती मेली असती, याची कल्पनाच करवत नाही.

उष्टी भांडी उचलणारा तो मुलगा. त्याला माईकला हात लावायची परवानगी कोणी दिली होती? त्याने परवानगीची वाट पाहिली नाही, म्हणून शेकडो माणसे घरी गेली.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी वृत्तपत्र काढले, त्याचे नाव 'मूकनायक' ठेवले. ज्यांना बोलू दिले जात नव्हते, त्यांची वाचा होण्यासाठी ते पत्र होते. शंभराहून जास्त वर्षे लोटली. आज रात्रीच्या दोन वाजता चाळीस मजल्यांचे प्राण ज्याच्या हाती आहेत त्या माणसाला आपण सांगतो, लाल पेटीला हात लावू नकोस. त्याला बारा तास उभे करतो, साहेबांना सलाम करायला शिकवतो. तीन वाक्ये बोलायला मात्र शिकवीत नाही. आमचे म्हणणे एवढेच : रात्रपाळीला जो माणूस पॅनेलपाशी बसतो, त्याला माईक वापरायचे शिक्षण मिळाले पाहिजे. ही दया नाही. मालकाची, सोसायटीची आणि एजन्सीची ती जबाबदारी आहे. आणि ते शिक्षण मागणे हा वॉचमनचा हक्क आहे. तोंडी मागून मिळत नसेल तर लेखी मागावे, चार जणांनी मिळून मागावे आणि अर्जाची प्रत जवळ ठेवावी.

माईक हाती आला तर कसे बोलायचे, तेही लिहून ठेवतो. माईक तोंडापासून चार बोटे दूर धरा. बटण दाबून क्षणभर थांबा, मग बोला. सावकाश बोला. काय झाले, कुठे झाले, कोणी काय करायचे, याच क्रमाने सांगा. उदाहरणार्थ :

"लक्ष द्या. आठव्या मजल्यावर आग लागली आहे. आठव्या आणि नवव्या मजल्यावरच्या सर्वांनी ताबडतोब पूर्वेच्या जिन्याने खाली या. लिफ्ट वापरू नका."

एवढे तीनदा सांगा. मग हिंदीत सांगा. "घाबरू नका, काही झालेले नाही," असे म्हणू नका. जे माहीत नाही ते सांगू नका. त्याआधी किंवा त्याच वेळी दुसऱ्या माणसाने १०१ किंवा ११२ वर फोन केलाच पाहिजे.

आपण काय करायचे?

पहिले काम, पॅनेल पाहा. पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर चार जणांनी खाली जाऊन पॅनेल बघावे. हिरवा दिवा आहे की पिवळा? यंत्र चालू आहे की बंद करून ठेवले आहे? बॅटरी कधी बदलली? पांढऱ्या ताटल्यांवर कोणी रंग फासला आहे का?

दुसरे काम, कागद मागा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६ साली झाला. त्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घ्यायचा असतो. त्याला फॉर्म बी म्हणतात. सोसायटीच्या सभेत विचारा, या वेळचा फॉर्म बी कुठे आहे? कमिटीत आपलीच माणसे असतील तर त्यांनाही विचारा. आपला माणूस म्हणून सवलत देऊ नका. आग तशी सवलत देत नाही.

तिसरे काम, संदेश ऐका. संस्थेचा माणूस तपासणीला येईल तेव्हा संदेश सर्व मजल्यांवर वाजवून घ्या. मराठीत आणि हिंदीत आहे का? आजीला दार लावून आत ऐकू येतो का? ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी लुकलुकणारा दिवा आहे का? नसेल तर शेजारच्या घराने त्यांना हलवून उठवायची जबाबदारी घ्यावी. मजल्यावर म्हातारी, आजारी, अपंग माणसे कोण आहेत, त्याची वही करून वॉचमनकडे द्या.

चौथे काम, यंत्र नसेल तर हाक तयार ठेवा. बॅटरीवर चालणारा हातातला भोंगा फार महाग नसतो. प्रत्येक मजल्यावर एक शिट्टी ठेवा. जयंतीच्या वर्गणीतून ढोल-ताशाच्या एका तासाचे पैसे वाचवले तरी ही खरेदी होईल. हे बोलणे काही कार्यकर्त्यांना कडू लागेल, पण बाबासाहेबांना यापेक्षा चांगले अभिवादन आम्हाला सुचत नाही.

पाचवे काम, जिना मोकळा करा. चपलांचे स्टँड, सायकली, जुने माठ, गाद्या यांतून धुरात वाट सापडत नाही. आवाज "जिन्याने या" म्हणेल आणि जिन्यात कपाट उभे असेल तर त्या आवाजाचा काय उपयोग?

सहावे काम, घरातले. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे लावलेली मेणबत्ती पेटती ठेवून बाहेर जाऊ नका, पडद्याजवळ लावू नका. धूर झाला तर वाकून चला, ओले फडके नाकाला धरा. दार उघडण्यापूर्वी हाताच्या पाठीने चाचपा. दार तापलेले असेल तर उघडू नका. फटीत ओले कपडे कोंबा आणि खिडकीतून हाक द्या. २२ ऑगस्ट २०१८ रोजी परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली, चार माणसे गेली. त्या धुरात दहा वर्षांच्या एका मुलीने शाळेत शिकलेले आठवून शेजाऱ्यांना ओल्या कापडातून श्वास घ्यायला सांगितले. पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. आपल्या मुलांना एवढे शिकवायला पैसा लागत नाही.

आणि आय.टी.आय.मध्ये वायरमन, इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेणाऱ्या आमच्या मुला-मुलींना एक सांगणे. आगीची सूचना देणारी यंत्रे बसवणे आणि राखणे हा मानाचा धंदा आहे. उंच इमारती वाढत आहेत आणि हे काम मनापासून करणारे हात कमी आहेत. नुसते वायर ओढणारे राहू नका. पॅनेल वाचायला शिका, मानके वाचायला शिका. ज्या स्पीकरला तुम्ही स्क्रू मारता, तो कुणाच्या तरी आईला झोपेतून उठवणार आहे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला आमचे उत्तर असे : ताई, तुमच्या मालकांनी बोलायचे. तुमच्या इमारतीत तुम्ही बोलायचे. आधी सभेत बोला, म्हणजे आगीच्या रात्री ती ताटली बोलेल. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा अंक वाचून दाखवा. तुमच्या पॅनेलवर कोणता दिवा होता, तेही आम्हाला कळवा. उत्तरे याच सदरात छापू.

नमो बुद्धाय. जयभीम.